समासातली दोन अक्षरं

शुक्रवारी दुपारी शिकणाऱ्यांची खोली आवरणं हे माझं काम. बाजारामागच्या उतरत्या गल्लीत आमचं लहानसं प्रार्थनाघर आहे आणि त्याला लागून ही खोली. ज्यांना ज्यू व्हायचं आहे, किंवा आहेत पण घरात कुणी काही शिकवलंच नाही, असे लोक तिथे येऊन वाचत बसतात. कपाटात मोठ्या टायपातले पंचग्रंथ, त्यांची रशियन आणि स्पॅनिश भाषांतरं, प्रार्थनेची पुस्तकं, आणि रोजच्या वागण्याचे नियम सोपे करून सांगणारी बरीच पुस्तकं.

मी रसायनशास्त्र शिकले आहे. पुढच्या प्रवेशाचं ठरेपर्यंत हे काम हाती घेतलं. प्रयोगशाळेतलं कपाट मी लेबलं बघून लावायचे. इथे ते चालत नाही. इथे पुस्तकांना मान असतो. पंचग्रंथ सगळ्यांत वर, त्यांच्या डोक्यावर दुसरं पुस्तक ठेवायचं नाही. उलटं ठेवलेलं दिसलं की सरळ करायचं, खाली पडलं की उचलून ओठांना लावायचं. नवे लोक हे पहिल्याच महिन्यात शिकतात. समासात पेन्सिलीने लिहू नये, एवढं मात्र कुणी शिकत नाही. उच्चाराच्या खुणा, रशियन अर्थ, प्रश्नचिन्हं. मी शुक्रवारी खोडरबर घेऊन बसते आणि सगळं पुसते.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी सकाळी मी मोठ्या टायपातली एक प्रत उघडली. आदल्या दिवशी प्रार्थनाघरात जो भाग वाचला होता, तिथेच समासात दोन अक्षरं होती. हिब्रूतली पहिली दोन. लहान, जरा थरथरलेली, नवशिक्याच्या हातची. मी पुसून टाकली. पुढच्या रविवारी पुढचा भाग, पुन्हा तीच दोन अक्षरं.

मग मी थांबून विचार केला. शुक्रवारी पानं कोरी होती. मीच कोरी केली होती. रविवारी ती कोरी नव्हती. मधे फक्त शब्बाथ.

शब्बाथला आम्ही लिहीत नाही. दिवा लावणं, स्वयंपाक करणं, फाडणं, शिवणं, लिहिणं, सगळं शुक्रवारी सूर्य मावळला की बंद ते शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. आणि लिहिण्याबाबत आमचा कायदा फार काटेकोर आहे. एक अक्षर लिहिलं तरी ते चूकच. पण पूर्ण गुन्हा होतो दोन अक्षरांनी. शाळेत आम्ही हे पाठ केलेलं असतं. समासात बरोबर दोनच होती. थेंबभर जास्त नाही, थेंबभर कमी नाही. अशी मोजून घातलेली मात्रा हातून सांडत नाही. कुणीतरी आमच्या पवित्र ग्रंथात, आमच्या पवित्र दिवशी, नियम माहीत असून तो नेमका मोडत होतं.

मी सासूनकाकांना पान दाखवलं. सासूनकाका प्रार्थनाघराचे कारभारी. चाव्या त्यांच्याकडे, कोण कुठे बसणार हे ते ठरवणार, आणि कुणावर संशय घ्यायचा हेही. उकडून तपकिरी झालेलं अंडं पावात घालून, वर आंब्याचं लोणचं माखून ते खात होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

"पुस्तकावर लोणचं सांडेल, काका."

"या लोणच्याला तुझ्यापेक्षा जास्त धर्म कळतो." त्यांनी पान आणखी जवळ नेलं. "खोडी आहे ही. मुद्दाम काढलेली. तुझी ती रशियन असणार."

"माझी?"

"दर शुक्रवारी तुमच्याकडे जेवते ना? मग तुझीच. बाप आपला, आई त्यांची. आपल्याकडे अर्धे गुण मिळत नाहीत, पोरी. आई ज्यू असेल तर पोर ज्यू, नाहीतर बस आणि शीक."

"ती तेच करतेय. बसतेय आणि शिकतेय."

"शिकतेय म्हणूनच म्हणतो. न शिकलेल्याने पानभर लिहिलं असतं. दोनच कुणी लिहिली? ज्याने धडा वाचलाय त्याने."

मला हे आवडलं नाही, कारण माझ्याही डोक्यात तेच आलं होतं.

झान्ना रशियन बोलणाऱ्या करागांडाहून नऊ वर्षांची असताना इकडे, ज्यूंच्या देशात आली. तिकडे वर्गातली पोरं तिला ज्यू म्हणून चिडवायची. इकडे आल्यावर रशियन म्हणून. इथल्या सैन्यात तिने पूर्ण मुदत काढली. आता दातांच्या एका दवाखान्यात कवळ्या आणि टोप्या बनवते. गेली दोन वर्षं ती आमच्या धर्मगुरूंच्या, रब्बींच्या बायकोकडे शिकायला येते. पनीना त्यांचं नाव, पण सगळे त्यांना रब्बीणबाई म्हणतात. शिकणाऱ्या प्रत्येकाला एक कुटुंब नेमून दिलेलं असतं. सणावाराला तिथे जेवायचं, बघून बघून शिकायचं. झान्नाला आमचं घर मिळालं. पुरीमच्या सणाआधी तिला धर्मन्यायालयात उभं राहायचं होतं. तिथे तीन न्यायाधीश तिला प्रश्न विचारणार आणि नंतर आमच्या घरातल्या एकाला विचारणार: ही शब्बाथ पाळते का? त्या उत्तरावर तिचं होणार की राहणार, ते ठरतं.

ते उत्तर मी द्यायचं होतं. आईने आधीच हात वर केले होते. "मी न्यायालयात गेले की रडते. फिर्याद कुणाचीही असो. तू जा, तुला नेमकं बोलता येतं."

नेमकं बोलायचं तर आधी नेमकं माहीत हवं.

पहिली शंका मी स्वतःच काढली: शनिवारी संध्याकाळी शब्बाथ संपल्यावर, खोलीला कुलूप लागायच्या आधी कुणी लिहीत असेल तर? मग गुन्हाच नाही. म्हणून पुढच्या शनिवारी दुपारच्या धड्यानंतर, उजेड चांगला असतानाच मी पुस्तक उघडलं. अक्षरं होती. म्हणजे शब्बाथमध्येच.

दुसरी शंका: माणसं. शनिवारी दुपारी खोलीत येणारे थोडेच. धडा घेणाऱ्या रब्बीणबाई. सासूनकाका, जे धडा सुरू होताच भिंतीला डोकं टेकून घोरतात. अर्जेंटिनाचं एक निवृत्त जोडपं. झान्ना. आणि मी. जोडपं तापाने घरी राहिलं त्या शनिवारीही अक्षरं उमटली. नंतर एकदा झान्ना आपल्या आईकडे हैफाला गेली.

त्या शनिवारी समास कोरा राहिला.

मी घरी आले तेव्हा आई खिमा भरलेल्या कुब्ब्यांसाठी रवा मळत होती. तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे पुरावा काय?" आईने विचारलं.

"समास कोरा होता."

"कोऱ्या कागदावरून पोरीचा न्याय करणार तू?"

"एकदाच कोरा राहिला, आणि त्याच दिवशी ती नव्हती."

"त्या दिवशी बाजारातला केळीवालापण नव्हता. त्यालाही विचार." आईने पिठाचा गोळा आपटला. "नीरित, ती पोर आपल्या घरी टॉयलेट पेपरसुद्धा शुक्रवारी दुपारी फाडून ठेवते, शब्बाथला फाडावा लागू नये म्हणून. तुझा भाऊ फाडून ठेवतो का? तुझा भाऊ कसा काय निभावतो, ते मी विचारत नाही."

"हो ना! तेच म्हणतेय मी. इतकं कुणी करतं का?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून उठले.

पण संशय एकदा आत शिरला की त्याला सगळंच पचतं. झान्ना शुक्रवारी वेळेआधी यायची. मला वाटायचं, दाखवायला येते. शब्बाथ सुरू झाल्याचा भोंगा वाजायच्या आत फोन बंद करून आईच्या देखत कपाटात ठेवायची. मला वाटायचं, आईच्याच देखत का? जेवणानंतरच्या लांब प्रार्थनेत ती एक ओळही गाळत नसे, आणि मी तिच्या ओठांकडे बघत बसायचे. चांगली वागली की नाटक, आणि चुकली असती तर पुरावा. हे शास्त्राला धरून नाही, एवढं मला कळत होतं. तरी थांबवता येत नव्हतं.

एका शुक्रवारी भांडी उचलताना तिने विचारलं, "माझं काही चुकतंय का?"

"का गं?"

"तू माझ्या हातांकडे बघतेस. दवाखान्यात नवा डॉक्टर आला की असाच बघतो, मी कवळी घेऊन पळून जाईन म्हणून."

"नाही, काही नाही."

"बरं." तिने ताटं एकावर एक ठेवली. "चुकलं तर आताच सांग. न्यायालयात सांगू नकोस."

हे ती सहज बोलली, की काही कळल्यामुळे बोलली, या विचारात मी बराच वेळ जागी राहिले.

न्यायालयाच्या तारखेआधीचा शेवटचा शनिवार आला. धडा संपला. रब्बीणबाई बायकांशी बोलत अंगणात गेल्या, सासूनकाका घोरत होते. झान्ना "मी जरा वाचत बसते," म्हणाली. मी खोलीला लागून असलेल्या, प्रार्थनाघरात बायका बसतात तिकडच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिले. पडद्याला एक चीर आहे. लहानपणी आम्ही तिच्यातून मुलांकडे बघायचो.

तिने मोठ्या टायपातली प्रत काढली. पान शोधलं. मग कपाटाच्या मागच्या फटीत दोन बोटं घातली, काहीतरी काढलं, पुस्तकावर वाकली. तिची पाठ माझ्याकडे होती. खांदा किंचित हलला आणि थांबला. तिने ते काहीतरी परत फटीत सारलं, पुस्तक मिटलं, ओठांना लावलं, वरच्या फळीवर ठेवलं आणि बाहेर गेली.

ते ओठांना लावणं बघून मला राग आला. इतका की मी पडदा सारून सरळ कपाटापाशी गेले, फटीत हात घातला आणि ओढून काढलं. पेन्सिलीचं थोटूक. हिरव्या रंगाचं, मागे दातांच्या खुणा. शेवटी हातात धरता येईल असा पुरावा मिळाला होता. मी ते घट्ट मुठीत धरलं.

"नीरित, ती पेन्सिल खाली ठेव."

झान्ना दारात होती. तिचा स्कार्फ खुर्चीवर राहिला होता.

"खाली ठेव," ती पुन्हा म्हणाली. "तुला शब्बाथला पेन्सिल हातात घेता येत नाही."

ते खरं होतं. जी वस्तू फक्त लिहिण्यासाठीच असते, तिला त्या दिवशी आम्ही उगाच हातही लावत नाही. तान्ह्या पोराच्या हाताशीही ती येऊ देत नाही. मी ती मुठीत धरून उभी होते.

"मला येत नाही? आणि तुला?"

"मला येते. अजून तरी."

मी पेन्सिल फळीवर टाकली. सासूनकाकांचं घोरणं थांबलं, पण डोळे उघडले नाहीत.

"अजून म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मी अजून ज्यू नाही." ती खुर्चीवर बसली. चेहरा उतरला होता, पण आवाज सरळ होता. "तुला खरंच माहीत नाही? जो ज्यू नाही त्याने शब्बाथ पूर्ण पाळायचा नाही. तो तुम्हाला दिलाय. बाहेरच्याने तो पूर्ण अंगावर घेणं म्हणजे आगाऊपणा. दुसऱ्याच्या नावाने आलेलं पाकीट उघडण्यासारखं. म्हणून शिकणाऱ्याने शिकण्यासाठी सगळं पाळायचं, आणि एक लहानशी गोष्ट मुद्दाम मोडायची. दर शब्बाथला. रब्बीणबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं."

"सगळे शिकणारे?"

"कुणी दिवा लावतो, कुणी काडी ओढतो. मी दिवा लावला असता तर तुमच्याकडे, तुझ्या आईच्या, शुलामितमावशीच्या घरात लावावा लागला असता. सगळ्यांनी त्या उजेडात जेवायचं का? मावशी रडली असती. म्हणून मी लिहिते. दोन, कारण एका अक्षराने मोडतो की नाही याची मला खात्री नव्हती."

"पण पंचग्रंथात कशाला? कागदावर लिहायचं."

"कागद मग कचऱ्यात टाकावा लागतो. हिब्रू अक्षरं मला कचऱ्यात टाकवत नाहीत. तुमचा नियम काय आहे माहीत नाही." ती थोडी थांबली. "आणि पुस्तकातली पुसली जातात, हे मला माहीत होतं. तू पुसतेस."

मी रसायनशास्त्र शिकले, त्याआधी बारा वर्षं धर्माच्या शाळेत शिकले. शब्बाथ कसा मोडतो याच्या शंभर तऱ्हा मला पाठ आहेत. ज्याने तो मोडलाच पाहिजे, त्याच्यासाठीचा नियम मी कधी ऐकलाही नव्हता. त्याची आम्हाला गरजच पडली नव्हती.

"मी नाही विश्वास ठेवत," भिंतीकडून सासूनकाका म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच.

"काका, तुम्ही झोपलात ना?"

"झोपलोय. झोपेत विश्वास ठेवत नाहीये. जन्मभर शब्बाथ पाळला, असला नियम कानावर नाही आला."

"तुम्हाला कधी लागला का?" झान्नाने विचारलं.

काकांनी एक डोळा उघडला, तिच्याकडे पाहिलं आणि मिटला.

चांदण्या निघाल्या तशी मी रब्बीणबाईंच्या घरी गेले. संशय गेला नव्हता. त्याने फक्त जागा बदलली होती. दात बनवणारी मुलगी वेळेला नीट बसेल असं कारणही बनवू शकते, असं मला वाटत होतं. रब्बीणबाईंनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"मीच सांगितलं तिला. गुपचूप कर, हेही मीच सांगितलं. तुमच्यासारख्यांना समजावत बसायला वेळ कुणाला आहे?"

"मग न्यायालयात मी तसंच सांगते."

"अजिबात नाही." त्यांनी दार लावून घेतलं. "नीट ऐक. बाप ज्यू असलेल्यांबद्दल रब्बींमध्ये एकमत नाही. काही म्हणतात, रक्त आपलं आहे, त्यांनी पूर्ण पाळला तरी चालतो, किंबहुना पाळावाच. तिघांत तसा एखादा बसला असेल, तर त्याला एवढंच ऐकू येईल की पोरगी शब्बाथला लिहिते. पुढचं तो ऐकणार नाही. दोन वर्षं गेली म्हणून समज. तुला विचारतील, शब्बाथ पाळते का? तू 'हो' म्हण आणि गप्प बस."

"पण ते खरं नाही."

"ते खरंच आहे गं! तुझ्या तोंडून बाहेर पडताना खोटं होतं, एवढंच."

घरी आईनेही तेच सांगितलं. "नेमकेपणा चुलीत घाल एक दिवस. 'हो' म्हणायला किती श्वास लागतो?"

मंगळवारी सकाळी न्यायालयात जाताना बसमध्ये मी झान्नाला विचारलं, मी काय बोलू. ती खिडकीबाहेर बघत होती. मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक, बोट कुठल्याशा पानात.

"तुझा अजून संशय आहे माझ्यावर?" तिने विचारलं.

"थोडा."

"मग तुला जे माहीत आहे ते बोल. माझ्यासाठी खोटं बोललीस, तर मी त्या खोट्यावर उभी राहून ज्यू होणार. दर शब्बाथला ते टोचत राहील." मग पुस्तक मिटून म्हणाली, "पण रब्बीणबाईंचं ऐकलंस तरी मी रागावणार नाही. मला भीती वाटतेय."

बस न्यायालयासमोर थांबली तशी ती आधी उतरली.

तिघे लांब टेबलामागे बसले होते. मधले म्हातारे, दाढी पिवळसर पांढरी. उजवीकडचे सर्दीने बेजार. डावीकडचे तरुण, कोट नवा, आणि प्रश्न बहुतेक त्यांचेच. शुक्रवारी दवाखाना किती वाजता बंद होतो? थंडीत उशीर झाला तर? आई डुकराचं मांस खाते का, आणि तिच्याकडे गेल्यावर कुठल्या ताटात जेवतेस? मित्र आहे? नाही? का नाही? मित्र असता तर संशय, नसला तरी संशय. झान्ना उभी राहून एकेक उत्तर देत होती. ते प्रश्न ऐकताना मला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, फक्त कोट घातलेला.

मग ते माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे जेवते. शब्बाथ पाळते?"

'हो' जिभेवर होतं. त्याला खरंच अर्धा श्वाससुद्धा लागला नसता.

"एक गोष्ट सोडून सगळा पाळते," मी म्हणाले.

तरुण न्यायाधीशांचं पेन थांबलं. "कुठली गोष्ट?"

"दर शब्बाथला दोन अक्षरं लिहिते."

"लिहिते." त्यांनी फाइल मिटली. मधल्यांकडे वळून म्हणाले, "मी सकाळीच म्हणालो होतो. बाप ज्यू, दोन वर्षं शिकतेय, आणि लिहिते."

मी झान्नाकडे बघू शकले नाही.

मधल्या म्हाताऱ्यांनी फाइलवर हात ठेवला. "थांबा जरा. मुली, तिला कुणी सांगितलं लिहायला?"

"शिकवणाऱ्या बाईंनी. ती अजून ज्यू नाही म्हणून."

"आणि ती लिहिते हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी पकडलं."

"पकडलं!" ते पुढे झुकले. "म्हणजे तुझा संशय होता तिच्यावर."

"हो."

"कधीपासून?"

"हिवाळाभर. पुस्तकं तपासली. ती नसताना काय होतं तेही बघितलं. पडद्यामागे उभी राहिले."

"आणि तिला जेवायला वाढत होतीस?"

"आई वाढत होती."

सर्दीवाले हसले आणि त्यांना खोकला आला.

"बरं," म्हातारे म्हणाले. "साक्षीला येतात ते सगळे तिच्या कौतुकाने भरलेले असतात, त्यांचं मी अर्धंच ऐकतो. तू टपून बसली होतीस. मग सांग, या दोन अक्षरांखेरीज हिवाळाभरात तुला काय सापडलं?"

मी आठवायचा खरंच प्रयत्न केला. काही मिळालं असतं तर मी सांगितलं असतं. हे मी तिच्या बाजूने बोलत नव्हते.

"काही नाही."

तरुण न्यायाधीशांना हे पटलेलं दिसलं नाही. ते झान्नाला म्हणाले, "आम्ही जर म्हणालो की तुझ्यासारखीने लिहायला नको होतं, तर?"

"तर रब्बीणबाईंना विचारेन. त्यांनी थांब म्हटलं तर थांबेन."

"आणि येत्या शब्बाथला? तेव्हा लिहिशील?"

"तुम्ही आज मला घेतलंत, तर नाही," झान्ना म्हणाली. "नाही घेतलंत, तर हो."

बाहेर जिन्यावर कुणीतरी फोनवर भाजीचा भाव विचारत होतं.

"हे पाठ करून आलीस?" तरुणांनी विचारलं.

"नाही. हा प्रश्न येईल असं वाटलंच नव्हतं."

आम्हाला बाहेर बसवलं. बाकावर झान्ना माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसली. मला सॉरी म्हणायचं होतं, पण कशाबद्दल ते ठरेना. खरं बोलल्याबद्दल, की हिवाळ्याबद्दल. आतून आवाज चढत होते. तरुणांचा जास्त, म्हाताऱ्यांचा कमी. मग एकदा फक्त खोकला ऐकू आला, आणि दार उघडलं.

आत तिच्याकडून वदवून घेतलं: नियम पाळीन, सोपे तेवढे निवडणार नाही, या लोकांचं जे होईल ते माझं होईल. तिघांनी सह्या केल्या. तरुणांनी सगळ्यांत शेवटी, आणि सही करताना माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही परत कुणाची साक्ष द्यायला येऊ नका," ते म्हणाले. थट्टा होती की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

आता उरलं होतं स्नान. विधीच्या कुंडात तीनही न्यायाधीशांच्या साक्षीने बुडी मारून बाहेर आली की ती ज्यू, तोवर नाही. त्याची वेळ खालच्या मजल्यावरच्या खिडकीत मिळते. खिडकीमागच्या बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या.

"पुढच्या सोमवारी या."

झान्ना खिडकीची कड धरून उभी राहिली. मी पुढे झाले.

"या आठवड्यात नाही का? बुधवार, गुरुवार?"

"गुरुवारी दुपारी एक जागा आहे, पण ती मी अडचणीच्या लोकांसाठी ठेवते." बाईंनी आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांची नजर झान्नाच्या बोटांवर जाऊन थांबली. "लग्न ठरलंय का?"

"नाही," झान्ना म्हणाली.

"पोटात काही?"

"नाही हो!"

"मग घाई कसली? दोन वर्षं थांबलात ना? चार दिवसांनी काय बिघडतं? मी इथे पुष्कळ पाहिलेत. घाई असली की मागे काहीतरी असतंच."

"मधे शनिवार येतो," मी म्हणाले.

"तो दर आठवड्याला येतो."

"या शनिवारी तिला काही काम करायचं नाहीये."

बाईंनी टरफल थुंकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग नको करू दे. तिला कोण सांगतंय करायला?"

झान्ना हसायला लागली. खिडकीची कड धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाई आणखीनच संशयाने बघू लागल्या. यात नक्की काहीतरी आहे आणि आपल्याला कुणी सांगत नाहीये, हे त्यांना कळलं होतं. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. मागे रांग वाढत होती. अक्षरांपर्यंत येते न येते, तोच त्यांनी हात वर केला.

"बास. डोकं उठवलंस. गुरुवार, दुपारी दोन. टॉवेल घरून आणायचा, नखं कापून यायचं." आणि झान्नाकडे बोट दाखवून मला बजावलं, "हिच्यावर लक्ष ठेव. मला ही सरळ वाटत नाही."